भंडारा जिल्ह्यातील धानशेती : मृदा-सुपीकता व अन्नसुरक्षा

वैनगंगेच्या खोऱ्यातील अल्पभूधारक शेतकऱ्यांनी जमिनीचा कस टिकवून वर्षभराचे धान्य मिळविण्यासाठी उभारलेल्या शेतीव्यवस्थेचा इतिहास. तलाव, बांधी, गाळ, शेणखत, द्विदल पिके आणि गायरान ही या व्यवस्थेची परस्परावलंबी अंगे होत. त्यांपैकी एक ढासळले की इतरांवर परिणाम होतो व तो अखेरीस घरातील कणगीपर्यंत पोहोचतो, असे गेल्या सु. तीनशे वर्षांच्या इतिहासावरून दिसते. पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. त्यामुळे १९९९ पूर्वीच्या काळासंबंधीचे विवेचन या दोन्ही जिल्ह्यांना लागू पडते.

भूमी व मृदा : महाराष्ट्राच्या पूर्व भागात वसलेल्या या जिल्ह्याचा मध्यभाग वैनगंगा व तिच्या सूर, बावनथडी, चुलबंद इ. उपनद्यांनी तयार केलेला मैदानी प्रदेश आहे. त्यातच अंबागड व गायखुरी या कमी उंचीच्या डोंगररांगा पसरलेल्या आहेत. वार्षिक पर्जन्यमान सु. १,३०० मिमी. असून त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पाऊस पुष्कळ, पण तो टिकवून धरणारी जमीन थोडी, ही येथील शेतीची मूळ अडचण होय. पश्चिम महाराष्ट्रातील जमीन बेसाल्टापासून बनलेली आहे. भंडाऱ्यातील बरीचशी जमीन मात्र पट्टिताश्म, ग्रॅनाइट आणि साकोली मालिकेतील सुभाजा यांसारख्या प्राचीन खडकांपासून झालेली आहे. साहजिकच तीत वाळूचे प्रमाण अधिक आढळते आणि नत्र, स्फुरद व सेंद्रिय द्रव्य यांचा साठा बेताचाच असतो.

शेतकऱ्यांनी आपल्या अनुभवातून जमिनीचे जे प्रकार पाडले, त्यांचाच आधार मध्य प्रांतातील जमाबंदी अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात घेतला. काळी व कन्हार या भारी, मोरंड ही मध्यम काळसर, खरडी ही उथळ, सिहार ही पिवळसर वाळूमिश्रित, बरडी ही तांबूस खडेमिश्रित आणि कछार ही नदीकाठची गाळाची जमीन होय. काळ्या व मोरंड जमिनीत गहू, हरभरा, जवस ही रबी पिके चांगली येत. सिहार जमीन स्वभावतः नापीक असली, तरी बांध घालून तीत पाणी उभे केल्यास धानाला उत्तम मानवते. डोंगरउतारावरील बरड जमिनीत कोदो, कुटकी यांसारखी हलकी तृणधान्येच पिकत. ही धान्ये डोंगराळ भागातील गोंड व इतर कुटुंबांचा पावसाळी आधार होती. त्यांना खत फारसे लागत नाही व साठवणीत ती दीर्घकाळ टिकतात. तथापि लागोपाठ दोन-तीन पिकांनंतर अशा जमिनीचा कस जातो आणि ती काही वर्षे पड ठेवावी लागते. १८७८ च्या वन अधिनियमान्वये जंगले राखीव होऊ लागल्यावर नवी जमीन मोडून जुनी विसाव्याला टाकण्याचा मार्ग आकुंचित झाला आणि डोंगरउतारावरील शेतकऱ्यास तीच ती जमीन वर्षानुवर्षे कसणे भाग पडले.

तलावांची उभारणी : या प्रदेशात स्थिर वस्ती व शेती फार प्राचीन आहे. पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे व समृद्ध नगराचे अवशेष मिळाले. आज दिसणाऱ्या तलावांची मोठी परंपरा मात्र गोंड राजांच्या काळातील मानली जाते. जो जंगल तोडून तलाव बांधील, त्यास त्या तलावाच्या पाण्याखाली भिजणारी जमीन इनाम मिळेल, असे चांद्याच्या गोंड राजांनी जाहीर केल्याची परंपरा आहे. याच काळात कोहळी समाजाचे लोक वाराणसीच्या बाजूने येथे आले, असे त्या समाजात सांगतात. ऊस व धान पिकविण्यात निष्णात असलेल्या कोहळ्यांनी ओढ्यांच्या उगमाकडील खोलगट जागा हेरून मातीच्या पाळी घातल्या. जमिनीचा उतार व पाण्याचा कल ओळखण्यात त्यांची जी दृष्टी होती, तिची वाखाणणी इंग्रज अधिकाऱ्यांनीही केली आहे. नवेगाव बांध (सध्या गोंदिया जिल्हा) हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी परंपरा असून तेथे कोलासुर या देवतेच्या रूपाने तो पूजिला जातो. शिवणी व सिरेगाव हेही या परंपरेतील मोठे तलाव होत.

मोठ्या तलावाबरोबरच प्रत्येक गावाच्या शिवारात लहानलहान बोड्या असत. वरच्या तलावातून सांडलेले पाणी खालच्या तलावात व तेथून बोडीत उतरे. पाळीतील तुडूम उघडून पाणी सोडले जाई व ते कोणाच्या बांधीत केव्हा जावे हे पाणकर ठरवी. धानाला सर्वाधिक धोका असतो तो लोंबी बाहेर पडण्याच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत. या वेळी एक किंवा दोन पाणी मिळाले, तर पीक हाती लागते. न मिळाले, तर तणसच उरते. येथील तलाव बारमाही ओलितासाठी नव्हते, तर या एका संकटातून पीक वाचविण्यासाठी होते, ही गोष्ट त्यांचे स्वरूप समजण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

जमिनीचा कस राखण्याच्या पद्धती : धानाचे शेत लहानलहान बांध्यांमध्ये विभागलेले असते. प्रत्येक बांधीभोवती मातीचा धुरा असतो. त्यामुळे पाण्याबरोबर मातीही अडते आणि उतारावरील शेत कालांतराने पायऱ्यांसारखे सपाट होते. चिखलणी केल्यामुळे पाणी झिरपणे कमी होते. पाण्याखालील मृदेत ऑक्सिजन कमी होऊन स्फुरद पिकास अधिक सुलभ होतो, तसेच निळी-हिरवी शैवले हवेतील नत्राचे काही प्रमाणात स्थिरीकरण करतात. खत न घालताही धानाच्या शेतात वर्षानुवर्षे थोडेबहुत पीक येत राहते, त्याचे हे एक कारण होय. परंतु हे उत्पन्न अल्प असते. एक टन धान पिकण्यासाठी साधारणपणे १५ ते २० किग्रॅ. नत्र जमिनीतून जाते; ही तूट भरून न काढल्यास उत्पन्न खालच्या पातळीवर स्थिरावते.

ही तूट भरण्याची पारंपरिक साधने मुख्यत्वे चार होती. पहिले तलावाचा गाळ. जंगलातील पालापाचोळा, गुरांचे शेण व बारीक चिकणमाती पावसाबरोबर वाहून तलावात बसे. वैशाखात तलाव आटला की शेतकरी बैलगाडीने तो गाळ सिहार व बरडी जमिनीत नेऊन टाकीत. त्यामुळे रेताड जमिनीची पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवण्याची शक्ती वाढे आणि तलावाची साठवणही कायम राही. एकाच श्रमात शेताला खत व तलावाला दुरुस्ती मिळे. दुसरे साधन शेणखत होय. त्यासाठी गुरे हवीत आणि गुरांसाठी गायरान व जंगलातील चराई हवी. उन्हाळ्यात सरपणासाठी गोवऱ्या थापल्या की तेवढे खत शेताला मुके. तिसरे साधन राबाऐवजी पऱ्ह्यांच्या जागेस भरपूर खत देणे व रोप जोमदार करून रोवणी करणे. रोवणीस मजूर व पाणी अधिक लागते. म्हणून ज्यांना तलावाचे पाणी नाही, ते आवत्या पद्धतीने फेकून पेरीत व कमी उत्पन्नावर समाधान मानीत.

चौथे साधन द्विदल पिके. धान कापणीस येण्यापूर्वी बांधीतील ओलाव्यावरच लाखोळी, जवस, उडीद, मूग यांचे बी उभ्या पिकात फेकीत. या पद्धतीस उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही. तरी फेब्रुवारी-मार्चपर्यंत घरी डाळ येई, गुरांना कुटार मिळे आणि मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतूंमुळे जमिनीत नत्र राही. धुऱ्यावर तूर लावण्याचा प्रघातही सर्वत्र आहे. भात व डाळ यांचा जो मेळ ताटात दिसतो, तो अशा रीतीने प्रथम शेतात साधलेला होता.

मालगुजारी व दुष्काळ : रघूजी भोसले यांनी १७४३ मध्ये देवगडचे व १७५१ मध्ये चांद्याचे राज्य आपल्या सत्तेखाली आणल्यावर हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८५३-५४ मध्ये ते राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. १८६० नंतरच्या जमाबंदीत पूर्वीच्या पाटील-मालगुजारांना गावाची मालकी देण्यात आली. गावातील तलावही त्यांच्या नावे लागले. तेव्हापासून ‘मालगुजारी तलाव’ ही संज्ञा रूढ झाली. गावकऱ्यांचे चराई, सरपण व पाणी यांविषयीचे हक्क वाजिब-उल-अर्ज या दप्तरात नोंदविले गेले.

या व्यवस्थेला दोन बाजू होत्या. मालगुजाराची स्वतःची सीर जमीन तलावाखाली असल्यामुळे पाळ व तुडूम नीट ठेवण्यात त्याचा प्रत्यक्ष स्वार्थ होता. उलट, दुरुस्तीचे काम पुष्कळदा कुळांकडून वेठीने करून घेतले जाई, पाणी प्रथम सीरेला जाई व वरच्या बाजूची बरड जमीन कसणाऱ्यास तलावाचा उपयोग अल्पच होई. सावकारी कर्ज व रोख सारा यांमुळे लहान शेतकऱ्यास कापणीनंतर लगेच धान विकावे लागे आणि पेरणीच्या काळात तेच धान दीडपटीने-सव्वापटीने उचलावे लागे. शेतात पिकलेले धान्य व घरात राहिलेले धान्य यांतील हे अंतर दुष्काळात उघडे पडले.

१८९६ मध्ये पाऊस वेळेआधीच थांबला आणि धानपीक गेले. त्यातून सावरण्यापूर्वीच १८९९ मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. तलाव भरले नाहीत. या दोन दुष्काळांची भीषणता शिरगणतीच्या आकड्यांवरून कळते. १८९१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या सु. ७·४३ लक्ष होती, ती १९०१ मध्ये सु. ६·६३ लक्षांवर आली. मृत्यू व स्थलांतर मिळून दर नऊ-दहा माणसांमागे एक कमी झाला. तलाव एका वर्षातील पावसाचा खंड निभावून नेतो, परंतु सलग अवर्षणापुढे तो निष्प्रभ ठरतो, हा यातील धडा होय. १९०१–०३ च्या भारतीय जलसिंचन आयोगानंतर मध्य प्रांत सरकारने या भागात सरकारी तलाव हाती घेतले. चांदपूर (तुमसर तालुका), तसेच सध्याच्या गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा, चोरखमारा व खैरबंधा हे तलाव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील होत.

मालगुजारी निर्मूलनानंतर : मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, १९५० याची अंमलबजावणी ३१ मार्च १९५१ पासून झाली व तलाव शासनाच्या मालकीचे झाले. १९५६ मध्ये हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर १०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव त्यांच्याकडे आणि त्याहून मोठे तलाव राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे गेले. वेठ व मक्तेदारी संपली, ही या सुधारणेची निर्विवाद जमेची बाजू. परंतु जुन्या व्यवस्थेतील देखभालीची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. पाणी घेण्याचा हक्क गावाचा, मालकी शासनाची, मासेमारीचा ठेका संस्थेचा आणि गाळ काढणे कोणाचेच नाही, अशी स्थिती अनेक ठिकाणी उद्भवली. पूर्व विदर्भातील पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांपैकी पुष्कळांची साठवणक्षमता गाळाने घटली, पोटातील जमिनीवर अतिक्रमणे झाली आणि बेशरम या उपद्रवी वनस्पतीने काठ व्यापले.

गाळ न निघाल्याने तलाव उथळ झाला. पण त्याचबरोबर शेतही खतास मुकले. ही दुहेरी हानी सिंचनाच्या हिशेबात धरली जात नाही, कारण त्या हिशेबात तलाव म्हणजे केवळ पाण्याचा साठा मानला जातो.

बदलते धानपीक : १९६६ नंतर आयआर-८ व पुढे जया यांसारख्या बुटक्या, खतास प्रतिसाद देणाऱ्या जातींचा प्रसार झाला. साकोली व सिंदेवाही (चंद्रपूर जिल्हा) येथील कृषी संशोधन केंद्रांनी या भागास अनुरूप वाण दिले. शेतकऱ्यांनीही निवडपद्धतीने वाण सिद्ध केले. नागभीड तालुक्यातील नांदेड (चंद्रपूर जिल्हा) येथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून ‘पटेल ३’ या वाणातील वेगळ्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ हा बारीक दाण्याचा वाण तयार केला. तो भंडाऱ्यातही सर्वदूर पसरला. चिन्नोर, लुचई, हिरानखी इ. जुन्या जातींचे क्षेत्र मात्र आक्रसले.

युरियाच्या वापराने उत्पन्न वाढले यात शंका नाही. तथापि पाण्याने भरलेल्या बांधीत वरून फेकलेल्या युरियातील नत्राचा मोठा भाग वायुरूपाने उडून किंवा निचऱ्याने वाया जातो. केवळ नत्रावर भर दिल्याने जस्तासारख्या सूक्ष्म द्रव्यांची उणीव जाणवू लागली. पाने तांबूस-तपकिरी पडणारा ‘खैरा’ हा रोग म्हणजे जस्ताच्या अभावाचे लक्षण होय. ट्रॅक्टर आल्यावर बैल घटले, बैलांबरोबर शेणखत घटले. बोरू व धैंचा या हिरवळीच्या पिकांची, तसेच धुऱ्यावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला चिखलात गाडण्याची शिफारस कृषी विभाग करीत आला आहे. परंतु रोवणीपूर्वीचे पहिले पाणी हिरवळीच्या पिकाला द्यावे की पऱ्ह्यांना, हा प्रश्न एक-दोन एकरांच्या धन्यापुढे दरवर्षी असतो व तो बहुधा पऱ्ह्यांच्या बाजूने सुटतो.

लाखोळीचा प्रश्न : सुपीकता व आहार यांचा गुंता लाखोळीच्या इतिहासात विशेष स्पष्ट होतो. या डाळीत बीटा-ओडॅप नावाचे चेताविषारी द्रव्य असते. ती महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांचा कायमचा लुळेपणा येतो [→ कलायखंज]. सागर भागात १८२९ नंतरच्या दुष्काळी वर्षांत आलेली अशी साथ स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदविली आहे. रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जाई व त्यांच्यात हा रोग आढळे. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ मध्ये तिच्या विक्रीस मनाई करण्याची तरतूद झाली. पीक घेण्यास बंदी नव्हती, पण विक्री बेकायदेशीर ठरल्याने भाव कोसळला. महाराष्ट्रात ही बंदी उठविण्यासाठी नागपूरचे शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ आंदोलन केले व २००८ मध्ये राज्य शासनाने ती उठविली. दरम्यान ‘रतन’, ‘प्रतीक’ यांसारखे अल्पविषारी वाण विकसित झाले. रोगाचे मूळ कारण डाळ एवढेच नसून तिच्याशिवाय दुसरे काही खावयास न मिळणे हे होय. भाताबरोबर प्रमाणात डाळ खाणाऱ्या भंडाऱ्यातील कुटुंबांना ती उतेऱ्यातून फुकटात मिळणारी प्रथिने देई व पुढील धानास नत्र देई. म्हणून विषाची भीती व जमिनीचा लाभ या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

मोठे प्रकल्प व सद्यःस्थिती : इटियाडोह (१९७०), बाघ व बावनथडी या प्रकल्पांनी जुन्या जिल्ह्याच्या काही भागांत कालव्याचे पाणी आणले. पवनीजवळील गोसीखुर्द (इंदिरा सागर) प्रकल्पाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. सु. अडीच लाख हेक्टर सिंचनक्षमतेचा हा प्रकल्प पुढे राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित झाला. परंतु तो दशकानुदशके रेंगाळला आणि वैनगंगाकाठची सुपीक कछार जमीन पाण्याखाली गेली. बारमाही पाणी जेथे पोहोचले, तेथे उन्हाळी धान सुरू झाले. उत्पन्न दुप्पट झाले, पण धानामागून धान घेतल्याने उतेऱ्याला जागा उरली नाही आणि जमिनीस कोरडे पडण्याची उसंत मिळेनाशी झाली.

धारणक्षेत्र ही या सर्वांमागील मर्यादा आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी वहितीखाते १·३४ हेक्टर होते. भंडाऱ्यातील त्याहूनही लहान आहे. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती व तीपैकी सु. ८० टक्के लोक खेड्यांत राहत होते. आधारभूत किंमतीने होणारी धानखरेदी आणि राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये मिळणारे शिधापत्रिकेवरील धान्य यांमुळे उपासमारीचे भय पुष्कळ ओसरले आहे. मात्र या दोन्ही योजना धान व गहू यांच्याभोवती फिरतात. डाळ, तेलबी व तलावातील मासे हे पूर्वीच्या आहारातील घटक त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. धान विकावे व डाळ विकत घ्यावी, असा व्यवहार आता सार्वत्रिक झाला आहे.

अलीकडे तलावांच्या पुनरुज्जीवनाकडे पुन्हा लक्ष वळले आहे. राज्य शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ (२०१७) या योजनेने गाळ शेतात नेण्याच्या जुन्या रिवाजाला शासकीय मान्यता दिली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढीवर समाजातील स्त्री-पुरुषांच्या सहभागाने काही तलावांतील बेशरम काढून देशी पाणवनस्पती लावल्या व स्थानिक मासे परत आणले. तथापि यंत्राने सरसकट खोदलेला गाळ व शेतकऱ्याने निवडून नेलेला गाळ यांत फरक आहे. पोटातील वरचा काळा थर सकस असतो. त्याखालील मुरूम शेतात टाकल्यास उलट हानी होते आणि अतिखोदाईने तळ उघडा पडल्यास पाणी झिरपून जाते. गाळाची वाहतूक ज्यांना परवडते त्यांनाच तो मिळाला, तर वरच्या बरडीचा शेतकरी पूर्वीप्रमाणेच वंचित राहतो.

भंडाऱ्यातील जुनी शेतीव्यवस्था समतेची नव्हती आणि तिने दुष्काळही टाळले नाहीत. परंतु पाणी, माती, गुरे व अन्न यांचा एकत्रित हिशेब तीत मांडलेला होता. नंतरच्या काळात तलाव पाटबंधाऱ्याकडे, माती कृषिखात्याकडे, चराई वनखात्याकडे व धान्य पुरवठाखात्याकडे गेले आणि तो हिशेब विभागला गेला. तो पुन्हा एकत्र मांडणे, व या खेपेस वेठीवाचून आणि बरडीवरील शेतकऱ्याचा वाटा धरून मांडणे, यावर येथील जमिनीचा कस व तिच्यावर जगणाऱ्यांचे अन्न अवलंबून आहे.